मूळ रोज वाढते, मग स्लाइडवर विभाजन का दिसत नाही?

प्रश्न नाशिकच्या एका बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनीचा आहे. पाण्यावर ठेवलेल्या कांद्याची मुळे रोज सेंटिमीटरभर वाढतात, पण स्लाइड केली की सगळ्या पेशी लांबट आणि केंद्रक एका कडेला सरकलेले दिसते. गुणसूत्रे कुठेच नाहीत. पेशी विभागत नसतील तर मूळ वाढते कसे, आणि विभागत असतील तर दिसत का नाहीत?

उत्तर या वर्णनातच आहे. लांबट पेशी आणि कडेला ढकललेले केंद्रक, म्हणजे मुळाचा नको तो भाग काचेवर आला आहे. विभाजन फक्त शेवटच्या दीड-दोन मिलिमीटरमध्ये चालते. बाकीच्या मुळात पेशी विभागत नाहीत, नुसत्या लांब होतात, आणि मूळ वाढताना दिसते ते मुख्यतः या लांबण्यामुळे. विभाजन आणि वाढ ही दोन वेगळी कामे आहेत आणि मुळात ती वेगवेगळ्या जागी चालतात. एवढे पक्के धरले की स्लाइडच्या बहुतेक अडचणींचे कारण सापडते.

ठोकळ हिशेब करून बघा. विभाजी भाग दीड मिलिमीटरचा आणि त्यातली एक पेशी सरासरी २५ मायक्रॉन लांब धरली, तर एका रांगेत ६० पेशी बसतात. त्या सगळ्या एकदा विभागल्या की ६० पेशींची भर पडते. त्या पेशी आहे त्याच आकाराच्या राहिल्या तर मूळ फक्त दीड मिलिमीटरने वाढेल. पण यातली प्रत्येक पेशी मागे पडल्यावर २०० मायक्रॉनपर्यंत लांबते, आणि ६० गुणिले २०० म्हणजे १२ मिलिमीटर. तुम्ही पाहिलेला सेंटिमीटर इथून येतो. विभाजन पेशी पुरवते, लांबी मात्र पेशींच्या ताणण्यातून मिळते.

मुळाच्या अगदी टोकाला मूलटोपी असते. तिच्या पेशी सैल असतात आणि सतत झडतात. तिच्या लगेच मागे विभाजी ऊती: पेशी लहान, चौकोनी, जीवद्रव्याने गच्च भरलेल्या, केंद्रक मोठे आणि मधोमध. त्यामागे लांबण्याचा भाग, तिथे रिक्तिका (पेशीतली पाण्याने भरलेली पिशवी) फुगते आणि केंद्रकाला भिंतीकडे ढकलते. त्याहून मागे पेशी पक्व होतात. ताजे मूळ उजेडासमोर धरले तर टोक दुधाळ, अपारदर्शक दिसते आणि मागचा भाग काचेसारखा. आपल्याला हवे ते दुधाळ टोक.

दुसरी गोष्ट वेळेची. योग्य टोक घेतले तरी दहांतल्या नऊ पेशी अंतरावस्थेतच, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळातच, असतात. साधारण २० ते २५ अंश सेल्सिअसला कांद्याच्या मूळाग्रातील पेशीचक्राला २० तासांच्या आसपास लागतात. त्यातले प्रत्यक्ष विभाजन दीड-दोन तासांचे, उरलेला वेळ वाढ, डीएनएची दुसरी प्रत बनवणे आणि तयारी यात जातो. डीएनएची प्रत विभाजन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी तयार होते, हे हॉवर्ड आणि पेल्क यांनी १९५३ मध्ये किरणोत्सारी फॉस्फरस वापरून दाखवले, आणि तेही बाकल्याच्या मूळाग्रातच. अंतरावस्थेचे आपण शिकतो ते जी-१ (वाढ), एस (डीएनएची प्रत) आणि जी-२ (तयारी) हे टप्पे त्या कामातून आले. तेव्हा ‘पेशी नुसती बसली आहे’ असे वाटणारे गोल केंद्रक खरे तर सर्वांत जास्त काम करत असते.

आता कांदा निवडण्याबद्दल, कारण नाशिकमध्ये पहिली चूक इथेच होते. एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदा ताजा ताजा पाण्यावर ठेवला तर दिवसेंदिवस मूळ फुटत नाही. काढणीनंतर तो काही आठवडे सुप्तावस्थेत असतो. कांदाचाळीत (साठवणीच्या हवेशीर छपरात) दोन-तीन महिने राहिलेला, नाकात किंचित हिरवे टोक हलू लागलेला कांदा उत्तम. लाल कांद्याची सुप्तावस्था कमी असते, म्हणून हिवाळ्यातल्या प्रॅक्टिकलला तो सोयीचा. मध्यम आकाराचा, घट्ट, बुडाला कुजका वास नसलेला घ्या. जोडकांदा चालतो, पण बाटलीच्या तोंडावर नीट बसत नाही.

विकिरण केलेला कांदा मात्र टाळा. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६० च्या गामा किरणांची साधारण ६० ते ९० ग्रे (विकिरण मोजण्याचे एकक) एवढी मात्रा दिली जाते. खाण्यासाठी तो कांदा अगदी चांगला. पण त्या मात्रेत आतल्या कोंबाच्या विभाजी पेशींचे डीएनए इतके तुटते की त्या पुन्हा नीट विभागू शकत नाहीत, आणि मोड न येण्याचे कारण नेमके तेच आहे. अशा कांद्याला मुळे फुटली तरी ती खुंटतात. स्लाइडवर चुकून विभाजन दिसलेच तर पश्चावस्थेत, म्हणजे गुणसूत्रे पेशीच्या दोन ध्रुवांकडे ओढली जातात तेव्हा, मध्ये ताणलेला गुणसूत्राचा पूल आणि मागे राहिलेले तुकडे दिसतात. पॅकबंद कांद्याच्या वेष्टनावर विकिरणाचे चिन्ह असते, तेवढे बघून घ्या.

कांद्याच्या बुडावरची वाळलेली जुनी मुळे ब्लेडने खरवडा, पण आतल्या चकतीला इजा होऊ देऊ नका. नवी मुळे तिच्याच कडेने फुटतात. अरुंद तोंडाच्या बाटलीवर कांदा असा बसवा की पाणी फक्त बुडाला टेकेल. अर्धा कांदा पाण्यात बुडला की दोन दिवसांत सडतो. नळाचे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जाईल, आणि पाणी रोज बदला. साचलेल्या पाण्यात प्राणवायू संपतो, मुळे तपकिरी होतात आणि विभाजन थांबते. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत मुळे दीड ते तीन सेंटिमीटर होतात. हीच मुळे घ्यायची. पाच-सहा सेंटिमीटरची लांबलचक मुळे दिसायला छान असतात, पण विभाजन मंदावलेले असण्याची शक्यता जास्त.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकला रात्रीची खोली १२-१४ अंशांवर येते, निफाडकडे तर त्याहून खाली. मुळे यायला पाच-सहा दिवस लागतात आणि विद्यार्थी घाबरतात की थंडीमुळे विभाजन दिसणार नाही. तसे होत नाही. थंडीत चक्राच्या सगळ्या अवस्था साधारण सारख्याच प्रमाणात लांबतात, त्यामुळे दर शंभर पेशींत विभागणाऱ्या पेशी जवळपास तेवढ्याच राहतात. मूळ मंद वाढते, स्लाइड मात्र चांगली येऊ शकते. फक्त मूळ पुरेसे लांब होईपर्यंत थांबा.

मुळे कधी कापावीत यावर प्रयोगशाळांमध्ये ‘सकाळी ८ ते १०’ हा रूढ सल्ला आहे. तो पाळा, पण त्याच्यावर विसंबू नका. एकाच कांद्याच्या दोन मुळांतही फरक असतो. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्रत्येकी पाच-सहा मुळे कापून वेगवेगळ्या बाटल्यांत स्थिर करा, म्हणजे पेशी आहेत त्या अवस्थेत थांबवून टिकवा. त्यातली एक तरी वेळ हमखास साधते.

स्थिरीकरणासाठी तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल, आणि तेही लगेच वापरायचे. मिश्रण बाटलीत साठवले की दोन्ही घटकांची आपसांत अभिक्रिया होते आणि त्याचा जोर कमी होतो. मूळ कापल्यापासून द्रावणात पडेपर्यंत काही सेकंदच जावेत. कापून टिश्यू पेपरवर ठेवलेले मूळ सुकते आणि केंद्रके आक्रसून काळी ठिपक्यासारखी दिसतात. पुढे कितीही चांगला रंग दिला तरी ती सुधारत नाहीत. २४ तासांनंतर मुळे ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रीजमध्ये ठेवली तर महिनोन्‌महिने टिकतात.

यानंतरची पायरी बहुतेक जण घाईने उरकतात, आणि स्लाइड बिघडते ती इथेच. वनस्पतिपेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. ते विरघळवले नाही तर कितीही दाबा, पेशींचा एक थर होत नाही. त्यासाठी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांना ८ ते १० मिनिटे ठेवायचे. आम्ल बनवताना आधी सुमारे ८० मिलिलिटर पाणी घ्या, त्यात ८.३ मिलिलिटर तीव्र आम्ल हळूहळू सोडा आणि मग पाण्याने १०० मिलिलिटर करा. आम्लात पाणी कधीही ओतू नका. वॉटर बाथ नसेल तर थर्मासमध्ये ६० अंशांचे पाणी भरून त्यात परीक्षानळी उभी करा, दहा मिनिटे तापमान टिकते. वेळ कमी पडला तर पेशींचे ढीग राहतात. जास्त झाला तर टोक चिमट्यात धरताच विरते आणि केंद्रके फिकी पडतात. बरोबर झालेले टोक मऊ असते, पण आकार धरून राहते. आता पाण्याने दोनदा धुवा.

रंगासाठी ॲसिटोकारमाइन: ४५ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि ५५ मिलिलिटर पाणी, त्यात १ ग्रॅम कारमाइन, मंद आचेवर उकळून, गार करून गाळलेले. टोक त्यात १५ ते ३० मिनिटे राहू द्या. लोखंडी सुई एक-दोनदा रंगात फिरवली तर लोहामुळे गुणसूत्रे गडद होतात. जास्त फिरवली तर काळा साका बसतो आणि सगळी स्लाइड डागाळते. ॲसिटोऑर्सीन असेल तर नऊ भाग रंग आणि एक भाग १ नॉर्मल आम्ल मिसळून त्यातच मुळे किंचित गरम करता येतात. पेशी सुट्या होणे आणि रंग चढणे ही दोन्ही कामे एकदम होतात. ज्यांच्याकडे फारशी साधने नाहीत त्यांनी हीच पद्धत वापरावी.

रंग चढल्यावर मूळ पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. टोकाचा एक-दीड मिलिमीटर भाग गडद आणि मागचा फिका दिसेल. गडद भागात केंद्रके दाटीने असतात, म्हणून तो जास्त रंग घेतो. तेवढाच ब्लेडने कापून काचेवर ठेवा आणि उरलेले मूळ टाकून द्या. पूर्ण सेंटिमीटरभर मूळ काचेवर दाबले तर शेकडो लांबट पेशींत कामाच्या पेशी हरवतात. तुमच्या स्लाइडवर बहुधा हेच झाले आहे.

४५ टक्के ॲसिटिक आम्लाचा एक थेंब, त्यावर कव्हरस्लिप. आधी पेन्सिलीच्या मागच्या रबराने हलके हलके ठोका. टोकाचा ठिपका पसरून गुलाबी धुके होईल. मग काच स्पिरिटच्या दिव्यावरून झटकन दोनदा फिरवा. तळहाताच्या मागच्या बाजूला सोसवेल एवढीच गरम, उकळी फुटली तर बुडबुडे येतात. शेवटी टिश्यू पेपरची घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप आडवी घसरली की पेशी गुंडाळल्या जातात आणि गुणसूत्रांच्या दोऱ्या होतात. स्लाइड काही दिवस ठेवायची असेल तर कडा नेलपॉलिशने बंद करा.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी १० च्या भिंगाने चौकोनी पेशींचा पट्टा शोधा, मगच ४० च्या भिंगाकडे जा. कांद्याची गुणसूत्रे १६ आणि आकाराने मोठी, म्हणून हा प्रयोग साध्या सूक्ष्मदर्शकावर जमतो. पूर्वावस्था ओळखताना सर्वांत जास्त घोटाळा होतो. केंद्रकात लोकरीच्या गुंड्यासारखे वेगळे धागे दिसत असतील तर पूर्वावस्था. नुसते दाणेदार आणि केंद्रकी (केंद्रकातला गोल ठिपका) ठळक असेल तर अंतरावस्था. शंका असेल तर अंतरावस्थेत मोजा. मध्यावस्थेत गुणसूत्रे विषुववृत्तावर येतात. कडेने पाहिली तर पट्टी, ध्रुवाकडून पाहिली तर फुलासारखी पसरलेली. हे दुसरे दृश्य पूर्वावस्था समजले जाते, पण तिथे केंद्रकपटल नसते आणि टोके सुटी असतात. पश्चावस्था अल्पायुषी, म्हणून कमी सापडते. अंत्यावस्थेत दोन केंद्रकांच्या मधोमध पुसट रेघ दिसते. ती पेशीपट्टिका: वनस्पतिपेशीत नवी भिंत मधून सुरू होऊन कडांकडे जाते. प्राणिपेशी बाहेरून खाच पडून आवळत जाते, कारण तिला भिंत नसते.

मोजणी निदान हजार पेशींची करा, वेगवेगळ्या क्षेत्रांतून. समजा ९०० अंतरावस्थेत, ६० पूर्वावस्थेत, १५ मध्यावस्थेत, १० पश्चावस्थेत आणि १५ अंत्यावस्थेत मिळाल्या. विभाजन निर्देशांक, म्हणजे एकूण पेशींत विभागणाऱ्या पेशींचे प्रमाण, १० टक्के. चक्र २० तासांचे म्हणजे १२०० मिनिटांचे धरले तर पूर्वावस्था ७२ मिनिटे, मध्यावस्था १८, पश्चावस्था १२, अंत्यावस्था १८. हा अंदाज ढोबळ आहे, कारण वाढत्या ऊतीत नुकत्याच जन्मलेल्या पेशी नेहमी जास्त असतात. पण कोणती अवस्था लांब आणि कोणती आखूड हे त्यातून नक्की कळते. ‘मला पश्चावस्था मिळतच नाही’ याचे उत्तरही याच आकड्यात आहे: शंभर पेशी बघितल्या तर सरासरी एकच मिळेल.

एक इशारा. गुणसूत्रे मोजण्यासाठी कोल्चिसिन किंवा ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनची पूर्वप्रक्रिया सांगितलेली असते. ती केली तर गुणसूत्रांना ओढणारे तर्कूतंतू बनत नाहीत, विभागणाऱ्या पेशी मध्यावस्थेसारख्या अडकतात आणि पश्चावस्था व अंत्यावस्था जवळपास नाहीशा होतात. विभाजनाच्या सर्व अवस्था बघायच्या असतील तर पूर्वप्रक्रिया नको. कोल्चिसिन विषारी आहे. हातमोजे घालूनच हाताळा.

कोल्चिसिनमध्ये ठेवलेल्या मुळाचे टोक फुगून गाठीसारखे होते, आणि हे ‘मूळ वाढते कसे’ या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. पेशी लांबते कशी? रिक्तिकेत पाणी शिरते आणि भिंतीवर आतून दाब येतो. ऑक्सिन या वनस्पती-संजीवकाच्या नियंत्रणाखाली पेशी भिंतीत हायड्रोजन आयन सोडते, भिंत आम्लधर्मी होते आणि एक्सपान्सिन नावाची प्रथिने सेल्युलोजच्या तंतूंमधली पकड सैल करतात. दाब सगळीकडे सारखा असूनही पेशी लांबीतच वाढते, कारण सेल्युलोजचे तंतू तिला पिंपाच्या पट्ट्यांसारखे आडवे गुंडाळलेले असतात. हे तंतू कुठे बसावेत हे पेशीतल्या सूक्ष्मनलिका (प्रथिनांच्या बारीक नळ्या) ठरवतात, आणि तर्कूतंतूही त्यांचेच असतात. कोल्चिसिन सूक्ष्मनलिकाच मोडते, त्यामुळे विभाजनही अडते आणि लांबण्याची दिशाही हरवते. पेशी सगळीकडून फुगते.

विभाजनाशिवाय वाढ होते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९६० च्या दशकात अमेरिकेतील ओक रिज येथे मिळाला. गव्हाच्या बियांना गामा किरणांची प्रचंड मात्रा देऊन पेशीविभाजन पूर्ण बंद केले गेले, तरी बिया रुजल्या आणि रोपे काही दिवस वाढली. बीजातल्या आधीच्या पेशी फक्त लांबल्या, आणि त्यांची ताणण्याची मर्यादा संपताच वाढ थांबली.

शेतात हीच विभागणी रोज दिसते. कांदा पोसतो तेव्हा पातीच्या बुडातल्या पेशी मुख्यतः आडव्या फुगतात, म्हणून त्या काळात पाण्याचा ताण पडला की कांदा लहान राहतो. द्राक्षात मण्यातल्या पेशींची संख्या मणी सेट झाल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत जवळपास ठरून जाते. मण्यात पाणी उतरल्यानंतरची फुगवण ही निव्वळ पेशींचा आकार वाढण्याची. जिबरेलिक आम्लाचे आणि सायटोकायनिन गटातल्या संजीवकांचे डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणे, मणी काही मिलिमीटरचे असतानाच करतात ते यामुळे. उशिरा दिलेल्या संजीवकाने नव्या पेशी तयार होत नाहीत.

तुम्ही पुढे गोदावरीच्या पाण्यावर कांद्याचा प्रकल्प करणार असाल, आणि नाशिकमध्ये बरेच जण करतात, तर मुळाची लांबी आणि विभाजन निर्देशांक हे दोन्ही मोजा. पाण्यात क्षार जास्त असतील तर पेशीत पाणी शिरायला अडथळा येतो आणि लांबी लगेच घटते, निर्देशांक सुरुवातीला तितका घटत नाही. विषारी धातू किंवा रसायन असेल तर निर्देशांक घसरतो आणि पूल, तुकडे, भरकटलेली गुणसूत्रे दिसू लागतात. नुसती लांबी मोजून ‘पाण्याने विभाजन थांबले’ असा निष्कर्ष लिहिणे चूक आहे. प्रत्येक नमुन्याला निदान पाच कांदे, एकाच लॉटमधले, आणि शेजारी तेवढेच कांदे रात्रभर उघडे ठेवलेल्या साध्या पाण्यावर. मुळे आधी स्वच्छ पाण्यात एक-दीड सेंटिमीटर वाढवून मग नमुन्यात २४ तास ठेवा, म्हणजे निदान एक पूर्ण पेशीचक्र त्या पाण्यात जाईल. बाटल्यांवर आकडे घाला, पण कोणता आकडा कोणत्या पाण्याचा हे मोजणाऱ्याला मोजणी संपेपर्यंत कळू देऊ नका.